फळीखालची झोप

“मग माझं चुकलं कुठं, बुवा?”

प्रश्न याच शब्दांत विचारला होता का, हे अच्युतराव दाबके आज छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. “चुकलं कुठं” असं न म्हणता “कमी काय पडलं” असंही ते म्हणाले असतील. चूक कबूल करण्याइतके ते त्या काळी मोठे झाले नव्हते.

एवढं मात्र पक्कं, की दिवाळी बारा दिवसांवर होती, बंधारा काठोकाठ भरला होता, आणि बंधाऱ्याच्या टोकाला असलेल्या मठीत सोमगीर गोसावी सुपात हुलगे निवडत बसले होते.

सोमगीरांनी मान वर केली नाही.

“किती माणसं आली होती?”

“दोन्ही गावची मिळून दोनशे.”

“नारळ फुटले?”

“तिथंच तर सगळं...”

अच्युतरावांनी हातातली फाइल जमिनीवर ठेवली, पुन्हा उचलली.

प्रकरण असं होतं. बंधारा उंबरदरीच्या हद्दीत. त्याचा पाट आधी उंबरदरीची शेतं भिजवी, मग खालच्या साकुरडीची. पाटाच्या तोंडाशी दगडी मोरी, मोरीला सागवानी फळी. फळीचा दांडा वर ओढला की पाणी सुटे. दांडा ओढायचं काम उंबरदरीच्या पाटकऱ्याचं, ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात.

मोरीखालचे पहिले दोनशे हात पाट कातळ फोडून काढलेला. दोन पुरुष खोल, दोन्ही अंगांना सरळ भिंती, उतरायला एकच शिडी. गाळ नेमका तिथंच साठे. पावसाळा सरला की दोन्ही गावची माणसं खाली उतरत आणि तो उपसत.

तीन वर्षांपूर्वी असाच उपसा चालू असताना पाटकरी गेनभाऊ मेंगाळ यानं फळी उचलली. सगळे भाकरी खायला वर आले, तोवर सुटा गाळ वाहून जाईल, असं त्याला वाटलं. त्यानं वाकून पाहिलं नाही. साकुरडीचा सखाहरी आवारी शेवटची पाटी भरत एकटाच खाली राहिला होता. पाण्यानं त्याला उचलून भिंतीवर आपटलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यात वाकडा झाला तो झालाच.

साकुरडी म्हणाली, मुद्दाम केलं. उंबरदरी म्हणाली, आंधळा होता का तुमचा माणूस, वर यायला काय झालं होतं?

गेनभाऊनं मान खाली घातली ती घातलीच.

त्या दिवसापासून साकुरडीचं एकही माणूस पाटात उतरलं नाही. डोक्यावर बंधारा, आणि फळी त्यांच्या हातात... कोण उतरेल? साकुरडी उतरत नाही, तर तिचा गाळ आम्ही का उपसायचा, म्हणून उंबरदरीही उतरली नाही. गाळ गुडघाभर चढला. पाणी निम्मं झालं, मग त्याच्याही निम्मं.

आता येत्या सोमवारी पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. पाट साफ दिसला तर ठीक. नाही दिसला, तर ‘वापरात नाही’ असा शेरा, आणि मोरी कायमची बुजवायची. दगड आणि सिमेंटच्या गोण्या आधीच येऊन बंधाऱ्यावर पडल्या होत्या. कावळे त्यांवर बसत होते.

मोरी बुजू द्यायची नाही, एवढं एकच काम खात्यानं अच्युतरावांवर सोपवलेलं होतं. वय चौतीस. परदेशातून डॉक्टर होऊन आलेले. पाणी वाटून घेणारी माणसं एकमेकांवर भरवसा कसा ठेवतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्यातलं एक आख्खं प्रकरण खुणांवर होतं. शब्द थकतात तिथं एखादी लहानशी कृती काम करून जाते, असं त्यात पुराव्यांनिशी मांडलेलं होतं.

त्या प्रकरणाबरहुकूम त्यांनी मंगळवारी सकाळी बंधाऱ्यावर समारंभ ठेवला. दोन गावं, दोन पुढारी, दोन शाली, त्याही एकाच रंगाच्या. दोन नारळ, एकाच आकाराचे. आधी कुणी फोडायचा यावरून तास गेला. उंबरदरी म्हणाली, जागा आमची. साकुरडी म्हणाली, पाय आमचा मोडला. शेवटी अच्युतरावांनीच मार्ग काढला. एक, दोन, तीन म्हणायचं आणि दोन्ही नारळ एकाच क्षणी दगडावर.

फुटले की एकाच क्षणी.

उंबरदरीचा पांढराशुभ्र निघाला. साकुरडीचा नासका.

“सायबानं आमालाच बरा नासका दिला!”

“सायबानं चांगलाच दिल्ता. तुमच्या गावचा हात लागला नं त्याला.”

“मंग तुमचाच घ्या अन् बुजवा मोरीत.”

अर्ध्या तासात बंधारा मोकळा झाला. शाली तेवढ्या परत कुणी दिल्या नाहीत.

“मिठ्या मारल्या होत्या त्यांनी,” अच्युतराव म्हणाले. “नारळाच्या आधी. मी स्वतः फोटो घेतलाय.”

“हात कुठं होते?”

“हात? एकमेकांच्या पाठीवर.”

“आणि पाय?”

“...पाय?”

सोमगीरांनी सुपातून एक खडा वेचला, बाहेर टाकला.

“पाय कुठं होते मिठी मारताना?”

“बांधावर. सगळे बांधावरच उभे होतो आम्ही.”

“कोरड्यावर?”

“म्हणजे... हो. कोरड्यावरच.”

सोमगीर परत हुलग्यांकडे वळले.

अच्युतराव वाट पाहत बसले. त्यांच्या ओळखीचे प्राध्यापक असं गप्प राहत नसत.

“बुवा, तुम्ही इथं चाळीस वर्षं आहात. दोन्ही गावं तुम्हाला भिक्षा घालतात. तुम्ही एक शब्द टाकलात तर...”

“टाकला होता.”

“कधी?”

“तीन वर्षांमागं. अजून तिथंच पडलाय.” त्यांनी सूप पाखडलं. “डॉक्टर कशात झालास म्हणालास?”

“भरवशात. म्हणजे माणसांच्या परस्पर...”

“मग नाडी बघायची. नारळ कशाला बघत बसलास?”

अच्युतरावांचे कान तापले. इतक्या लांब, इतकी वर्षं शिकून हे ऐकायचं, ते एका गोसाव्याकडून, ज्याच्या कफनीला तीन रंगांची ठिगळं होती. ते उठले.

“तुम्हाला उपाय माहीत असेल तर सांगा. माझ्याकडे पाच दिवस आहेत.”

“उद्या दुपारी ये. सतरंजी आण.”

“सतरंजी? कशाला?”

“मी घोंगडीवर निजतो,” सोमगीर म्हणाले. “तुला ती टोचेल.”

*

बुधवारी सकाळी भिक्षेला फिरताना सोमगीरांनी दोन्ही गावांत दारोदार एकच वाक्य सांगितलं. आज दुपारी मी पाटात निजणार आहे.

दुपारी पाटाच्या दोन्ही काठांवर माणसं. डाव्या काठाला साकुरडी, उजव्या काठाला उंबरदरी. अच्युतराव सतरंजीची गुंडाळी काखेत घेऊन मोरीपाशी पोहोचले, तेव्हा आपण लग्नाला आलोय की मयताला, हे त्यांना कळेना.

“सायब बी मुक्कामाला आले जणू.”

“उशी इसरले वाटतं.”

सोमगीर मोरीच्या माथ्यावर उभे होते. खांद्यावर काळी घोंगडी. समोर गेनभाऊ, पन्नाशीचा, हडकुळा, खाली मान घातलेला. तीन वर्षांत माणसं आसपास असताना तो मोरीकडे फिरकला नव्हता.

“गेनू, फळीवर बस.”

“बुवा, मला नगा सांगू. दुसरं कुनी बी बसवा.”

“दुसऱ्याच्या हाताखाली मला झोप लागत नाही.”

काठांवर कुणी तरी हसलं, आणि एकटाच हसतोय हे ध्यानात येऊन थांबलं.

गेनभाऊ हलला नाही. त्याची बायको ठकूबाई उंबरदरीच्या काठावर पुढंच उभी होती. तिनं पदर दातात धरला, मग सोडला.

“बसा की! बुवा उभं राहिलंय कवाधरनं.”

गेनभाऊ बसला. मोरीच्या माथ्यावर, फळीचा दांडा दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन. दोन्ही तळवे त्यानं दांड्यावर ठेवले.

सोमगीर शिडीनं खाली उतरले. सत्तरीच्या पुढचा माणूस, एकेक पायरी चाचपत. फळीपासून दोन हातांवर त्यांनी घोंगडी अंथरली. फळीच्या फटीतून बारीक पाणी पाझरत होतं. ते हातानं बाजूला सारून आडवे झाले, डोळ्यांवर कफनीची बाही ओढली.

पलीकडं बंधाऱ्यात बारा हात पाणी उभं होतं.

थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं.

“जीव नकोसा झालाय जणू बुवाला,” साकुरडीच्या काठावरून एक जण पुटपुटला.

“तुझ्या बा-च्यानं झोपवंल का तिथं?”

“माजा बा आधी इच्यारील, फळीवर कोन हाय म्हून.”

सगळे गेनभाऊच्या हातांकडे पाहत होते. गेनभाऊ कुणाकडेच पाहत नव्हता. त्याची नजर खाली घोंगडीवर खिळलेली.

अच्युतराव वाकले.

“बुवा, हे धोक्याचं आहे. खात्याच्या नियमानं भरल्या बंधाऱ्याखाली कुणालाही...”

घोरणं थांबलं.

“जागा आहे,” बाहीखालून आवाज आला.

...

आता जे सांगायचं ते अच्युतरावांनी पुढं कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या क्षणी ते शूर वगैरे झाले नव्हते. त्यांनी हिशेब केला. दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी, त्यांनी स्वतः तो दांडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला होता. पावसाळाभर भिजून फळी खाचेत फुगली होती. दोघांनी पहार लावल्याशिवाय ती बोटभरही हलली नसती. तसं त्यांनी वहीत लिहूनही ठेवलं होतं. गेनभाऊच्या मनात आलं तरी एकट्यानं त्याला फळी उचलता येणार नाही. पहार येईपर्यंत आपण शिडी गाठू.

बूट काढावेत की नाही, यावर थोडा वेळ गेला. काढले. पायमोजे आत कोंबले. शिडीच्या चौथ्या पायरीवर सतरंजी निसटली आणि आधी खाली गेली.

“सतरंजी घाईत हाय,” काठावरून आवाज आला.

अच्युतराव सोमगीरांच्या शेजारी निजले. खाली गाळ गार आणि ओला होता, वरवर वाटला त्याहून पुष्कळ ओला. वर भिंतींच्या मध्ये आभाळाची एक पट्टी. तिच्या एका टोकाला गेनभाऊचे तळपाय, भेगाळलेले. आणि कानाजवळ, फळीच्या पलीकडून, एक आवाज. पाणी उभं असतं तेव्हा त्याला आवाज नसतो, असं शिकले होते ते. होता.

त्यांनी डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. घोरायचं सोंग करावं असंही मनात आलं, पण ते जमेना.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. ते म्हणतात अर्धा तास. तिथं उभी असलेली माणसं पुढं म्हणत, चिलीम ओढून होईल एवढाच.

मग काठीचा आवाज आला. दगडावर एक ठोका, मग पाय ओढल्याचा घासटा. ठोका, घासटा.

अच्युतरावांना निजल्या जागेवरून आधी काठी दिसली, मग वाकडा गुडघा. सखाहरी आवारी साकुरडीचा काठ सोडून मोरीच्या माथ्यावर आला होता. गेनभाऊच्या अगदी बाजूला.

दोन्ही काठ पुढं सरकले.

सखाहरीनं खाली पाहिलं, जिथं तीन वर्षांपूर्वी तो पाटी भरत होता. मग गेनभाऊच्या हातांकडे पाहिलं.

“गेनू.”

तीन वर्षांत पहिल्यांदा हाक मारली होती त्यानं.

गेनभाऊनं नुसती मान हलवली.

“तंबाखू हाय का?”

“...हाय.”

“दे की मंग.”

“मला न्हाय देता यायची.”

“का?”

“हात न्हाय काढता येत. खाली मानसं हायेत.”

सखाहरीनं पुन्हा खाली वाकून पाहिलं.

“कोपरीच्या खिशात हाय,” गेनभाऊ म्हणाला. “डाव्या. तूच घे.”

ज्या माणसानं आपला पाय मोडला, त्याच्या छातीशी हात घालायला सखाहरीला वेळ लागला. अच्युतराव खालून पाहत होते. हात गेला, थांबला, मग खिशात शिरला. चंची बाहेर आली. सखाहरी काठी बाजूला ठेवून, वाकडा पाय लांब करून गेनभाऊच्या शेजारी टेकला. त्यानं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, सावकाश मळली. दोन वेळा थापटली. एक चिमूट स्वतःच्या गालात धरली.

दुसरी चिमूट हातात घेऊन तो थांबला.

“आ कर.”

गेनभाऊनं तोंड उघडलं. हात दांड्यावरच.

ठकूबाईनं पदर पुन्हा तोंडाला लावला. यावेळी ती हसत होती की काय, ते अच्युतरावांना खालून नीट दिसलं नाही. नीट आठवतं म्हणावं, असंही नाही.

“चुना लई झाला,” गेनभाऊ तोंड वाकडं करून म्हणाला.

“होऊंदे. तीन वर्साचा हाय.”

उंबरदरीच्या काठावरून हसू फुटलं. मग साकुरडीच्याही.

सखाहरी उठला. काठी त्यानं गेनभाऊच्या मांडीला टेकवून ठेवली आणि शिडी धरली. वाकडा पाय आधी, मग चांगला. साकुरडीच्या काठावरून चार-पाच जण एकदम ओरडले.

“सखाहरी! लेका, काय करतो?”

तो खाली उतरला. गाळात उभा राहिला, घोट्यापर्यंत रुतला. वर एकदा पाहिलं. गेनभाऊची बोटं पांढरी पडली होती, इतकी दाबलेली.

मग त्याची नजर अच्युतरावांवर गेली.

“सरका की, सायब. आडवं काय पसरलाय? हितं गाळ काडायचाय.” आणि काठाकडे तोंड करून, “अरं, फावडं टाका कुनी तरी! का बुवासारखं हातानं सारू?”

पहिलं फावडं उंबरदरीच्या काठावरून आलं. दुसरं कुठून आलं, ते कुणी पाहिलं नाही.

सोमगीर त्या सगळ्या गोंगाटात झोपलेलेच होते. शेवटी दोघांनी त्यांना घोंगडीसकट उचलून बाजूला ठेवलं.

*

पाच दिवस उपसा चालला. साकुरडी भरून देई, उंबरदरी वर ओढी. एकदा दुपारी भाकरी कुणाच्या आधी यावी यावरून जुंपली, पण ती पाटातच जुंपली आणि पाटातच मिटली. पाचही दिवस दांड्यावर गेनभाऊ. जेवायलाही उठला नाही. ठकूबाई घास भरवी, आणि सखाहरी खालून विचारी, “आज काय कालवन, गेनू? वास तरी येऊंदे.”

अच्युतरावांच्या हातांना फोड आले. चौथ्या दिवशी एका म्हातारीनं त्यांच्या हातातून फावडं काढून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही मोजायचं काम करा. ते मोजत बसले.

सोमवारी मोठे साहेब आले. पाट तळाच्या दगडापर्यंत साफ होता. गेनभाऊ फळी उचलायला वाकला, थांबला, खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग सखाहरीला म्हणाला, “तू बी बघ.” सखाहरीनं पाहिलं. मगच दांडा वर गेला; मोठ्या साहेबांच्या लवाजम्यामागून अच्युतरावांना नुसतं पाणी सुटलेलं दिसलं. मोठ्या साहेबांनी शेरा लिहिला आणि दगड-सिमेंट दुसऱ्या गावाला हलवायला सांगितलं.

सगळे पांगल्यावर अच्युतराव मठीत गेले. सोमगीर चुलीवर बिनदुधाचा चहा करत होते.

अच्युतराव उंबऱ्याशीच बसले. आत जावं असं वाटेना.

“बुवा, एक सांगायचंय.”

“सांग.”

“मी खाली उतरलो, ते... मला माहीत होतं फळी घट्ट बसलीय. फुगलेली. त्याला एकट्याला उचलता आली नसती. मी आधी ओढून पाहिली होती.”

सोमगीरांनी चहा ओतला.

“सगळे मला मानायला लागलेत. साकुरडीच्या लोकांनी काल फेटा बांधला. पण माझं धाडस खोटं होतं, बुवा. मी धोका पत्करलाच नाही. नुसता पत्करल्यासारखा दिसलो. मग माझ्या नारळात आणि यात फरक काय?”

सोमगीरांनी वाटी त्यांच्यापुढं सरकवली. स्वतःची हातात घेतली. फुंकर घातली.

“फळी घट्ट होती?”

“हो.”

“पक्कं माहीत होतं?”

“पक्कं.”

“मग झोप का लागली नाही?”

चहा कडू होता. तो अच्युतरावांनी संपवला, वाटी विसळून पालथी घातली, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

*

पुढं त्यांनी पुष्कळ लिहिलं. पुस्तकं झाली. उंबरदरीचा पाट त्यांतल्या एका पुस्तकात आहे, अडीच पानं. त्यात त्यांनी स्वतःच्या निजण्याचा उल्लेख टाळला. टाळला, हे प्रामाणिक होतं की लबाडी, याचा निकाल त्यांना लावता आला नाही. व्याख्यानात कुणी त्या प्रसंगाविषयी विचारलं की ते पाणी मागत.

एकतीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, ते पुन्हा त्या बाजूला गेले. सोमगीर नव्हते. गेनभाऊ नव्हता. सखाहरीही आदल्या वर्षी गेला होता. पाट वाहत होता.

साकुरडीच्या पारावर एका म्हाताऱ्या सुतारानं त्यांना ओळखलं. गप्पांच्या ओघात तो सहज बोलून गेला, की त्या बुधवारी उजाडायच्या आत गोसावीबुवानं त्याला उठवून मोरीवर नेलं होतं. रंधा घेऊन.

“कशाला?”

“फळी तासायला.”

अच्युतरावांचा विश्वास बसेना. म्हातारी माणसं एकाचं दुसऱ्यात घालतात, ते स्वतःही घालतात. पण आता हे खरं-खोटं करून घेतल्याशिवाय परत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. उन्हातून चार मैल चालत उंबरदरी गाठली.

ठकूबाई अंगणात बाजेवर बसली होती. दृष्टी अधू झालेली, आवाज तसाच खणखणीत. सुताराचं नाव निघताच ती म्हणाली, “खरंय त्याचं. मी हुते की कंदील धरायला.”

तिनं सांगितलं ते असं. पहाटे बुवा, सुतार आणि गेनभाऊ अशा तिघांनी पहार लावून फळी वर काढली. पाणी सुटलं, तासभर पाटात वाहिलं. सुतारानं फळीच्या दोन्ही कडा तासल्या. बुवांनी स्वतः खाचांना करंजाचं तेल चोळलं. मग फळी परत बसवली, आणि बुवांनी ती उचलून पाहिली. एका हातानं. दोन बोटांनी म्हटलं तरी चालेल.

“ह्ये म्हनलं, बुवा, आसं नगा करू. नुस्ता धक्का लागला तरी वर यील ही. माझा हात कापतो, तुमाला ठावं हाय. ऱ्हाऊंद्या तिला घट्ट. लोकांना काय कळतंय?” ठकूबाई म्हणाली. “रडत हुते ह्ये. पाचबी दिवस दांडा दाबून बसले ते उगी न्हाय. राती हात उघडायचे न्हाईत, मी त्याल लावून एकेक बोट सोडवायची.”

अच्युतराव बाजेच्या कडेला टेकले. ओला गाळ पाठीला लागावा तसं त्यांना झालं.

“आणि बुवा? बुवा काय म्हणाले?”

“बुवा तेलाचा हात धूत हुते. म्हनले, गेनू, घट्ट फळीखाली कुनीबी निजंल.”